एका रात्रीत

चौतीस वर्षे मी प्राथमिक शाळेत शिकविले. एवढ्या काळात किती उत्तरपत्रिका तपासल्या याचा हिशेब माझ्याजवळ नाही. परंतु एका उत्तरपत्रिकेवर तांबड्या शाईने मारलेली फुली अजूनही डोळ्यांसमोरून हलत नाही. ती १९९२ सालच्या सहामाही परीक्षेतील. इयत्ता चौथी, विषय भूगोल. प्रश्न साधाच होता : भूपृष्ठात बदल कसे होतात? उत्तर मीच फळ्यावर लिहून दिलेले होते. ऊन, वारा, पाऊस आणि वाहते पाणी यांमुळे खडकांची झीज होते. झिजलेली माती नद्या समुद्राकडे नेतात. हे बदल हजारो-लाखो वर्षांत अतिशय सावकाश घडतात. वर्गातील बहुतेक मुलांनी ते घोकल्याप्रमाणे उतरवून काढले. एका मुलाने मात्र साऱ्या उत्तराच्या जागी एकच ओळ लिहिली होती : 'जमीन एका रात्रीत बदलते.' मी फुली मारली, शून्य गुण दिले, समासात 'पाठ करून ये' असा शेरा लिहिला आणि पुढची उत्तरपत्रिका उचलली.

मुलगा वसईच्या किनाऱ्यालगतच्या एका पाड्यावरचा होता. आज तो बायकामुलांचा गृहस्थ आहे, म्हणून नाव लिहीत नाही. वर्गात तो मागच्या बाकावर बसे, विचारल्याशिवाय बोलत नसे. त्या वर्षी पावसाळ्यानंतर त्याच्या वह्यांना ओल लागून पाने चिकटलेली असत. त्यावरूनही मी त्याला एकदा बोलले होते.

उत्तरपत्रिका घरी दिल्यानंतर दोनच दिवसांनी त्याची आजी शाळेत आली. मधल्या सुट्टीची वेळ होती. तिने लुगड्याच्या ओच्यातून घडी केलेला कागद काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवला. वयाने ती माझ्या आईएवढी, त्यामुळे एकेरीतच बोलली.

"बाय, पोराचं काय चुकलं ते मला सांग."

मी समजावू लागले. पुस्तकात असे असे दिले आहे, त्याने अभ्यास केलेला नाही, वगैरे. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "श्रावणातल्या उधाणाला आमचं घर गेलं. तिन्हीसांजेला ओट्यावर बसून रोझरी म्हटली. पहाटे ओटा नव्हता. पोरानं बघितलं तेच लिहिलं. पुस्तकात निराळं काय लिहिलंय?"

मला हे ठाऊकच नव्हते. हे कुटुंब मुलाच्या आत्याकडे राहावयास गेले होते, मुलगा तेथून रोज शाळेत येत होता आणि हजेरीपटावर त्याच्या नावापुढे एकही खाडा नव्हता. साठ मुलांच्या वर्गात हजेरी लागली की बाईंचे लक्ष पुढच्या नावाकडे जाते. ही सबब म्हणून सांगत नाही; त्या वेळी ती मी स्वतःला सबब म्हणून सांगितली होती, एवढेच.

पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर मी त्या पाड्यावर गेले. किनारा सुरीने कापल्यासारखा उभा तुटलेला होता. सुरूच्या झाडांची मुळे हवेत लोंबत होती. आणि पुढे, जेथे ओहोटीची ओली वाळू पसरली होती, तेथे एक विहीर जमिनीवर उभी होती. खरोखर उभी. भोवतालची सारी जमीन वाहून गेली होती आणि दगडांनी बांधून काढलेले तिचे वर्तुळ बुरुजासारखे तेवढे राहिले होते. विहीर म्हणजे जमिनीतला खड्डा असे आपण समजतो. जमीन गेल्यावर ती अशी दिसते हे मला तोवर माहीत नव्हते.

म्हातारीने समुद्राकडे हात केला. "ते तिथं आमचं अंगण. त्याच्या पुढं सुरूच्या तीन ओळी होत्या, मी लग्न होऊन आले तवा. थोरला झाला तवा दोन राहिल्या. धाकटीच्या लग्नाला एक." ती हे माणसांविषयी बोलावे तसे झाडांविषयी बोलत होती. परतताना वाटेत माझ्या ध्यानात आले की, तिने नकळत माझ्या फळ्यावरचेच उत्तर मला सांगितले होते. जमीन सावकाशच गेली होती. चाळीसेक वर्षे जात होती. फक्त जायचे असे शेवटी उरले ते घर, आणि ते एका रात्रीत गेले.

सोमवारी मी त्याची उत्तरपत्रिका मागून घेतली, फुली खोडली आणि पूर्ण गुण दिले. मला वाटले, मुलगा आनंदेल. तो कागदाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "बाई, पण पुस्तकात सावकाशच आहे ना?" दयेने दिलेले गुण मुलांना लगेच ओळखू येतात. त्याला गुण नको होते. खरे काय ते हवे होते. ते सांगण्याची माझी तयारी नव्हती, कारण तोवर मी हा पाठ शिकविला होता खरा, त्याचा विचार केला नव्हता.

शाळेच्या स्वयंपाकघरातून सिस्टरांची मोठी ॲल्युमिनियमची परात मागून आणली. तिच्या एका बाजूला ओल्या रेतीचा उतार थापला, दुसऱ्या बाजूला पाणी ओतले आणि उताराच्या माथ्यावर घर म्हणून रिकामी काड्यापेटी ठेवली. मग लाकडी पट्टीने पाणी हलके हलके, एकसारखे ढकलायचे, हीच लाट. मुलांनी मोठ्याने लाटा मोजायच्या. दहा झाल्या, वीस झाल्या, काड्यापेटी आपली जागच्या जागी. मुले कंटाळली. चाळिसाच्या पुढे उताराचा पायथा कोरला जाऊ लागला, पण वर सारे ठीक दिसत होते. पन्नाशीनंतर केव्हा तरी एका लाटेला, जी आधीच्या लाटांपेक्षा तिळभरही मोठी नव्हती, रेतीचा कडा बसला आणि काड्यापेटी पाण्यात गेली. मुले ओरडली.

"घर कोणत्या लाटेनं पाडलं?" मी विचारले.

"शेवटच्या!" सगळे एकदम म्हणाले.

"मग आधीच्या लाटांनी काय केलं?"

वर्ग गप्प झाला. मागच्या बाकावरून तो म्हणाला, "वाट केली."

पुढे निवृत्त होईपर्यंत दरवर्षी मी ती परात वर्गात नेली. लाटांची संख्या कधी चाळीस, कधी नव्वद. पण प्रश्न तोच विचारला. एवढे अचूक उत्तर पुन्हा मिळाले नाही.

त्या वर्षापासून मी हा पाठ पुस्तकातून सुरू करणे सोडून दिले. काचेच्या बरणीत मूठभर अंगणातली माती, थोडी रेती, चार खडे घालून पाणी भरायचे, झाकण लावून हलवायचे आणि बरणी खिडकीत ठेवून द्यायची. खडे क्षणात तळाशी जातात, त्यावर रेती, त्यावर बारीक माती. वरचे पाणी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीही गढूळ असते. वैतरणा आणि उल्हास पावसाळ्यात हेच करतात. वेग असतो तोवर पाणी ओझे वाहते. खाडीच्या मुखाशी वेग मंदावला की आधी जड, मग हलके, असे ते खाली टाकते. आपली वसई या दोन नद्यांच्या मुखांमध्ये आहे. पूर्वेच्या डोंगरांची माती आणि पश्चिमेच्या समुद्राची रेती येथे येऊन मिळाली आहे. आपल्या वाडवडिलांनी ज्या जमिनीवर केळी, पानवेली आणि नारळ वाढविले ती जमीन येथे जन्मलेली नव्हे, आलेली आहे. मुलांना ही कल्पना फार आवडे. "म्हणजे बाई, आमची वाडी पाव्हणी आहे?" असे एकीने विचारले होते.

त्याचा पुरावा दाखविण्यासाठी दूर जावे लागत नाही. एका उन्हाळ्यात शाळेजवळचे बावखल उपसून खोल करण्याचे काम निघाले होते. मी मुलांना तेथे नेले. कापलेल्या काठावर थर स्पष्ट दिसत होते : वर काळसर माती, खाली पिवळी रेती, त्याखाली चिखलात रुतलेले शिंपले. समुद्र तेथून चांगला अर्ध्या तासाच्या चालीवर. "हे शिंपले इथं कोणी आणले?" या प्रश्नावर कोणी मासे विकणाऱ्या बाईचे नाव घेतले, कोणी कावळ्याचे. शेवटी एक मुलगी घाबरत म्हणाली, "बाई, समुद्रच इथं होता का?"

हाच प्रश्न साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी एका मनुष्याला पडला होता आणि तो पुढे आपला बिशप झाला, ही गोष्ट मला आमच्या धर्मग्रामातील एका फादरांनी सांगितली. निमित्त झाले ते असे. एका मुलाने घरी विचारले की, देवाने जग सहा दिवसांत केले तर बाई लाखो वर्षे कोठून आणतात? पालक फादरांकडे गेले, फादर माझ्याकडे आले. मला वाटले, आता बोलणी खावी लागणार. ते हसून म्हणाले, "उत्पत्तीचं पुस्तक जग कोणी आणि कशासाठी केलं ते सांगतं. खडकांचं वेळापत्रक त्यात शोधायचं नसतं." आणि मग त्यांनी नील्स स्टेन्सन ऊर्फ स्टेनो यांच्याविषयी सांगितले. हे डेन्मार्कचे शरीरशास्त्रज्ञ. १६६६ साली फ्लॉरेन्स येथे एका प्रचंड शार्क माशाचे डोके त्यांच्याकडे तपासणीसाठी आले. त्याचे दात पाहताच, डोंगरांतल्या खडकांत सापडणारे 'जिभेचे दगड' हे प्रत्यक्षात शार्कचेच दात आहेत, असे त्यांना दिसून आले. मग समुद्रातले दात डोंगरात कसे गेले? १६६९ साली त्यांनी एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. गाळाचे थर पाण्यात आडवे साचतात. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. थर तिरके दिसले तर ते पुढे केव्हा तरी हलविले गेले असले पाहिजेत. आज हे चौथीतल्या मुलालाही पटते, पण पृथ्वीचा इतिहास वाचण्याची बाराखडी हीच. दरम्यान १६६७ साली ते कॅथोलिक झाले होते. १६७५ साली धर्मगुरू आणि १६७७ साली बिशप. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८८ साली त्यांना 'धन्य' घोषित केले. बावखलाच्या काठी उभे राहून मी ही गोष्ट पुढे अनेकदा सांगितली. थरांचे पुस्तक तळापासून वर वाचायचे असते, हे मुले मग विसरत नसत.

काळाचे माप देणे मात्र कठीण. 'लाख' आणि 'कोटी' हे चौथीच्या मुलाला सारखेच, आणि खरे सांगायचे तर मलाही. आपल्या तुंगारेश्वराच्या डोंगराचा काळा खडक म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तो पुनःपुन्हा वर आला आणि थरावर थर पसरत गेला. कसारा घाटातून आगगाडी जाताना डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ते याचमुळे. हे मुलांना कसे सांगावे? एकदा माझ्या हातात रोझरी होती. म्हटले, एका मण्याला दहा लाख वर्षे धरू. रोझरीचे एकूण मणी ५९. सगळे मणी मोजले तरी त्या लाव्ह्यापर्यंत आपण पोहोचत नाही; शेजारणीच्या रोझरीचे आणखी सात मणी घ्यावे लागतात. आणि सम्राट अशोकापासून आजपर्यंतचा सारा काळ म्हणजे एका मण्याचा चारशेवा हिस्साही नाही. मुले आपापल्या रोझऱ्या काढून मोजू लागली. एका सिस्टरांना ही गोष्ट फारशी रुचली नाही, आणि त्यांचेही अगदीच चुकले असे मला वाटत नाही. पण मुलांना मात्र ते माप समजले.

अशोकाचे नाव घेतले ते उगाच नव्हे. सोपारा येथील बुरूड राजाचा कोट आम्ही दरवर्षी पाहावयास जात असू. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो खणला, तेव्हा आत बौद्ध स्तूप निघाला. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सोपाऱ्याला मिळाला, आणि नवव्याचा तुकडा १९५६ साली आपल्या भुईगावात. हे शूर्पारक मोठे बंदर होते. दूरदेशीची गलबते येथे लागत. मुले विचारीत, "बाई, गलबतं कुठून यायची? इथं तर रेल्वे स्टेशन आहे." खाडी गाळाने भरत गेली आणि समुद्र गावापासून दूर राहिला. एके ठिकाणी समुद्राने बंदर सोडले, काही कोसांवर तोच समुद्र घर घेऊन गेला. तो मुलगा त्या सहलीला आला होता. तो म्हणाला, "मग आमची माती इकडं आली असेल." मातीचे येणेजाणे एवढे सरळ नसते, पण मी त्या दिवशी ते दुरुस्त केले नाही.

१९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसे झोपेत गाडली गेली. दख्खनचे पठार हा स्थिर भूभाग, असे मीही शिकविले होते. कोयनेचा १९६७ चा धक्का आम्ही अपवाद म्हणून बाजूला ठेवला होता. आमच्या चर्चमध्ये मदत गोळा होत होती, मुले वर्तमानपत्रांतली छायाचित्रे आणीत होती. तो मुलगा तेव्हा पाचवीत गेला होता. मधल्या सुट्टीत माझ्या वर्गाच्या दाराशी येऊन उभा राहिला. "बाई, तिथंपण एका रात्रीत."

मी त्याला आत बोलावले. खिडकीबाहेरची एक वाळकी काटकी घेतली आणि त्याच्या हातात देऊन म्हटले, वाकव. तो वाकवीत गेला. काटकी वाकली, आणखी वाकली आणि कडकन मोडली. जमिनीच्या पोटातले खडक असेच वर्षानुवर्षे दाबले जातात, वाकतात, आणि मोडतात तेव्हा काही क्षणांचेच काम असते. भारताची भूमी वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकते आहे. आपली नखे वाढतात त्याहून थोडी अधिक. तेवढ्याने हिमालय उभा राहिला. एव्हरेस्टच्या माथ्यावरच्या खडकांतही समुद्री जीवांचे अवशेष आहेत. त्याने मोडलेल्या काटकीचे दोन्ही तुकडे खिशात घातले आणि गेला.

आता जे सांगायचे ते इतकी वर्षे लांबणीवर टाकले होते.

किनाऱ्यावरची रेती पावसाळ्यात लाटा ओढून नेतात आणि थोडी आत, पाण्याखाली, तिचा बांध घालतात. पावसाळा सरला की शांत लाटा तीच रेती परत आणून किनाऱ्यावर लोटतात. किनारा म्हणजे असे वर्षानुवर्षांचे देणेघेणे. त्यातली रेती कोणी बाहेर नेली, तर समुद्राने परत आणावी अशी रेतीच उरत नाही. हे मी वर्गात परातीच्या साहाय्याने दाखविले : उतारातली दोन ओंजळी रेती काढून घ्यायची आणि पुन्हा लाटा मोजायच्या. काड्यापेटी निम्म्या लाटांत पडते. त्या वर्षी हे दाखवून झाल्यावर तो मुलगा उभा राहून म्हणाला, "आमचे बाबापण रेती भरायचे, बाई. गाडीमागं पैसे मिळायचे."

वर्गातली मुले त्याच्याकडे पाहू लागली. मुलांच्या नजरेत निवाडा लवकर होतो. मी काही तरी बोलून विषय पुढे नेला. बाबांना पोट होते, रेती विकत घेणारे दुसरेच होते, असे काहीसे. खोटे नव्हते ते. पण आमच्या घराचा वरचा मजला १९८४ साली चढविला, तेव्हा गिलाव्याची रेती त्याच किनाऱ्यावरून आली होती. गाडीवाल्याला मीच पैसे मोजून दिले होते, आणि रेतीत खार फार आहे म्हणून दोन रुपये कमी केले होते. हे त्या दिवशी वर्गात सांगायला हवे होते. एका मुलाने आपल्या बापाचे नाव साठ जणांसमोर सांगितले, आणि त्याच्या बाईंना स्वतःचे सांगवले नाही.

ते मी त्याला सांगितले अलीकडे, २०२२ च्या जानेवारीत. आमच्या धर्मग्रामातील एका लग्नाला तो आला होता. कानशिलांवरचे केस पांढरे झालेले, बरोबर चौथीतली मुलगी. मी गिलाव्याची सगळी हकीकत सांगितली. त्याने मान हलविली. म्हणाला, "बाई, ते मला तेव्हाच ठाऊक होतं. तुमच्याकडं गाडी बाबांनीच खाली केली होती."

थोडा वेळ आम्ही दोघेही काही बोललो नाही. मग मी विहिरीची चौकशी केली. इतकी वर्षे ती तशीच उभी होती. एखाद्या वर्षी रेती परत येऊन गळ्याइतकी बुजे, एखाद्या वर्षी कमरेपर्यंत उघडी पडे. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यावरून गेले, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा तीच आली होती.

"पडली, बाई," तो म्हणाला.

"वादळात?"

"नाही. वादळात राहिली. नाताळच्या आधी पडली. दुपारी, ओहोटीला. वारासुद्धा नव्हता."